आक्काताईच्या चटणीचे साठ दिवस

कंपुटरवर धंदा म्हंजे पंख्याखाली बसून बटणं दाबायची, असं छातीठोक सांगणारी माणसं आमच्या उचगावात ढिगानं हायत. त्यास्नी एकदा संघप्रियाच्या घरात नेऊन बसवायला पायजे हुतं. मेल उघडायच्या आधी ती पोरगी ओढणीला हात पुसायची, दोनदा पुसायची, आन् खुर्चीच्या अगदी कडंला टेकायची. पंखा गरगरत असायचा आन् हिच्या कपाळावर घाम. माझ्या डोळ्यानं बघितलंय मी.

मी रुद्राप्पा. उचगावात माझा चटणी कांडायचा डंक हाय. चार लोखंडी मुसळं, खाली उखळ, वर मोटार. शिमगा झाला की बाया मिरच्या, धनं, खोबरं, भाजल्याला कांदा-लसूण असं सगळं पाट्या भरून आणत्यात, नंबर लावून बसत्यात आन् वर्षाची चटणी कांडून नेत्यात. पुण्या-मुंबईची माणसं त्याला कांदा-लसूण मसाला म्हणत्यात. म्हणू देत. आमच्यात ती चटणीच. दिवसभर नाकात जाळ, डोळ्यात पाणी, त्यामुळं माझं तोंड कायम भांडायला आल्यागत दिसतं. लोक म्हणत्यात रुद्राप्पा लई तापट. निम्मं मिरचीचं असतंय, निम्मं माझं.

संघप्रिया ही आक्काताई कांबळेची एकुलती लेक. बाप यल्लाप्पा फौंड्रीत भट्टीवर हुता, छातीत धूर बसून लवकर गेला. आक्काताई दुसऱ्याच्या रानात तण काढायला, भांगलायला जायची, आन् लेकीला शिकवायची. बौद्ध समाजाची माणसं, पोटाला चिमटा घेतील पण पोरगीची फी चुकू देणार न्हाईत. पोरगी कंपुटर शिकली आन् कोल्हापुरात एका क्लासात शिकवायला लागली. साल असंल दोन हजार तीन-चार.

आता आक्काताईची चटणी. मी पंचवीस वर्षं गावाची चटणी कांडतोय, मला वासावरनं कळतं कुणाचं खोबरं करपलंय आन् कुणी लसणीत हात आखडलाय. आक्काताईची पाटी उखळात पडली की मी मोटारीचा आवाज इसरायचो. दगडफूल, नाकेश्वर, तिरफळ, सगळं जिथल्या तिथं. संघप्रियाच्या क्लासातली एक पोरगी पुण्याला नोकरीला गेली, तिच्या डब्यात ही चटणी गेली, आन् तिच्या खोलीतल्या सहा जणी मागं लागल्या. तितनं खूळ शिरलं. दोन हजार सातच्या दिवाळीला संघप्रियानं स्वतःच्या हातानं वेबसाईट केली. वर लाल चटणीच्या ढिगाचा फोटू, खाली नाव, ‘आक्काताईची चटणी’. सोबत आईनं सांगितलेल्या कृती. वांगं कसं करायचं, तांबडा रस्सा कसा करायचा, ‘आमच्या घरी दर बुधवारी’ असं लिहून.

आडनाव कुठंच न्हवतं. घालायचं राहिलं, असं ती सांगायची. राहिलं न्हवतं.

मग आठ सालचा पाडवा आला. तिचा मामा मुरगूडचं एक स्थळ घेऊन आलता. पोरगा बरा हुता, पण त्यांचं म्हणणं, लग्नानंतर कंपुटर-बिंपुटर काय चालणार न्हाय. संघप्रियानं मामाकडं मुदत मागितली. पाडवा ते मिरग, साठ दिवस. साठ दिवसात पावशेराची हजार पाकिटं गेली तर धंदा, न्हाय तर मुरगूड. दुसऱ्या दिवशी तिनं क्लासातली नोकरी सोडली. मी म्हणलं, “खुळे, एक पाय तरी जमिनीवर ठेव की!” तर म्हणली, “मामा, एक पाय ठेवला की दुसरा उचलतच न्हाय.” मला ती मामाच म्हणती.

साठ दिवस त्या पोरगीनं काय केलं, ते मी रोज बघत हुतो. सकाळी सहाचा पहिला घाणा मी तिच्यासाठी राखून ठेवला. घाणा कांडून आक्काताई चटणी घरी न्यायची, चाळायची, निववायची, पाकिटं भरायची. संघप्रिया मेल आला की तासाभरात उत्तर द्यायची. ज्यांनी आधी चटणी नेलती त्या एकेकाला फोन लावायची, कशी लागली, तिखट झाली का, आणखी कुणाला पायजे का. परदेशात आपल्या माणसांची मंडळं असत्यात, तसल्या दहा मंडळास्नी रोज पत्र. रोज दहा म्हंजे दहा. अकरा वाजले की सायकलवर पाकिटं घालून कुरिअरला. टीव्ही बंद, लग्नं बंद, जत्रा बंद. महिन्याभरात पोरगी निम्मी झाली.

आन् धंदा वाढला तशी भीती वाढली. हे मला आधी कळलंच न्हाय. मला वाटायचं, पाकिटं जात न्हाईत म्हणून भ्याली असंल. तसं न्हवतं. पाकिटं जात हुती म्हणूनच ती भ्यालती.

कसं हाय, पाच पाकिटं नेणारा काय इचारत न्हाय. पण पन्नास नेणाऱ्याला चौकशा सुचत्यात. आपल्याकडं माणूस नाव न्हाय इचारत, आडनाव इचारतो. आडनावानं भागलं न्हाय तर गाव इचारतो, आन् गावानं भागलं न्हाय तर पावणं-सोयरं कुठलं ते इचारतो. तिसऱ्या प्रश्नाला माणूस सापडतोयच. फोन वाजला की संघप्रिया आधी आईकडं बघायची. “आक्काताई म्हणजे कुणाच्या घरातल्या हो?” असं तिकडनं कोण म्हणलं की ही “उचगावच्या” असं म्हणायची आन् लगीच चटणीच्या तिखटावर बोलायला लागायची.

एकदा सापडलीच. पेठ वडगावच्या एका माणसानं, त्याची सासुरवाडी उचगावात, कुणाला तरी सांगितलं, ही चटणी कांबळ्यांची म्हणून. आठवड्यात चार पार्सलं परत आली. चटणी खराब न्हवती, पाकिटं फोडलीच न्हवती. बरोबर चिठ्ठी न्हाय, कारण न्हाय. संघप्रियानं ती चार पाकिटं माझ्यासमोर टेबलावर ठेवली आन् म्हणली, “मामा, चारच हायत. चारशे परत आली तर?” मी मोटारीवर उगाच खेकसलो.

तिसाव्या दिवशी पाचशे पाकिटं झालती. एकतिसाव्याला मेल आला. अमेरिकेत कोल्हापूरची बरीच माणसं एका गावात राहत्यात, त्यांच्या मंडळाचा तांबडा-पांढऱ्या रश्श्याचा कार्यक्रम हुता. चारशे पाकिटं पायजेत. न्यायची सोय तेच करणार. चारशे! संघप्रिया माझ्या डंकावर पळत आली, मिरचीच्या धुरळ्यात उभी राहून हसत हुती आन् ठसकत हुती. पाचशे आन् चारशे नऊशे, उरली शंभर, ती तर काय, मिरगापर्यंत हसत गेली असती.

दुसऱ्या दिवशी पुढचा मेल आला. ‘माझे आई-बाबा कोल्हापुरातच असतात. एकदा घर बघून जातील, मग पक्कं करू.’

संघप्रियाचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं, आरशागत लख्ख, पण दारातनं आत पाऊल टाकलं की समोर भिंतीवर बुद्ध आन् बाबासाहेब. ते बघितल्यावर आडनाव इचारायची गरज कुणाला पडती?

आन् मग मी शहाणा पुढं झालो. मी म्हणलं, “त्यात काय येवढं! माझं घर दाखवायचं. आमची गौराबाई हाय की, तीच आक्काताई.” गौराबाई म्हंजे माझी बायको. आम्ही लिंगायत, कपाळाला विभूती, घरात अंडंसुद्धा शिजत न्हाय. ती म्हणली, “मी कशाला दुसऱ्याचं नाव घेऊ? मला माझं न्हाय का?” मी तिच्यावर डाफरलो. पोरगीच्या भल्याचं हाय, गप बस म्हणलं. संघप्रिया मान खाली घालून “चालंल” म्हणली. आक्काताई काय बोलली न्हाय. मी त्याचा अर्थ व्हय असा घेतला. सोयीचा अर्थ घ्यायला माणसाला येळ लागत न्हाय. आन् खरं सांगतो, त्या चारशे पाकिटांचं कांडपसुद्धा माझ्याच डंकावर हुणार हुतं.

पावणं आलं ते भर दुपारी, पांढऱ्या गाडीतनं. म्हातारा, म्हातारी. बाई बोलायला गोड. “छान हो, किती स्वच्छ आहे! पोरगा म्हणाला, आई, कुणाच्या हातचं खातोय ते एकदा बघून ये.” गौराबाईच्या कपाळावरची विभूती बघून त्यांचा जीव भांड्यात पडल्यागत दिसला. आक्काताई आमच्या पडवीत मिरच्यांची देठं खुडत बसली हुती. बाईंनी तिच्याकडं बघितलं आन् म्हणल्या, “देठं काढायला बाई ठेवलीय वाटतं.” गौराबाई नुसतं “हं” म्हणली. तिच्या हातातलं तांब्याभांडं वाजत हुतं. मी डोळ्यानं दटावलं.

भाकरीच्या तुकड्याला चटणी आन् तेल लावून दिलं. बाईंनी खाल्लं, डोळं मिटलं. “अगदी माझ्या आजीच्या हातची!” म्हणल्या. म्हाताऱ्यानं दुसरा तुकडा मागितला. संघप्रिया दाराला टेकून उभी, ओठ दातात धरलेला. मी मनात म्हणत हुतो, उठा आता, उठा, लई झालं कौतुक.

उठता उठता बाईंनी इचारलं, “बरं, किलोभर मटणाला किती घालता तुम्ही?”

“शिवाऽ शिवा! मटाण?” गौराबाईच्या तोंडातनं निघून गेलं, आन् तिनं पदर तोंडाला लावला.

पन्नास वर्षं लिंगायताच्या घरात काढल्याली बाई, मटण हा शब्द तिनं कधी उच्चारला न्हवता, मापं कुठली सांगणार! मला हे सुचायला पायजे हुतं. गावातल्या शेंबड्या पोरालाबी सुचलं असतं. बाई गोंधळल्या. “म्हणजे? तुम्हीच लिहिलंय ना, आमच्या घरी दर बुधवारी तांबडा रस्सा म्हणून?” गौराबाई माझ्याकडं बघाय लागली. मी आढ्याच्या वाश्याकडं.

तेवढ्यात पडवीतनं आवाज आला. “किलोला चार चमचं. पण आधी न्हाय घालायची. मटाण हळद-मिठात शिजवायचं, अळणी पाणी येगळं काढायचं. मग तेलात चटणी सोडायची, जाळ बारीक ठेवून. मोठा ठेवला की करपती, रस्सा कडू हुतोय.” आक्काताईनं मान वर केली न्हवती. हात देठं खुडतच हुतं.

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. “ही कोण?”

मी सांगणार हुतो, कामाला येती म्हणून. खरंच सांगणार हुतो, शब्द तोंडात आलता. संघप्रिया दारापासनं पुढं झाली. तिनं ओढणीला दोनदा हात पुसलं. “ही माझी आई,” ती म्हणली. “आक्काताई. चटणी हिच्या हातची हाय. हे घर आमचं न्हाय. आम्ही खोटं बोललो.”

“अस्सं,” बाई म्हणल्या. “आडनाव काय म्हणालीस?”

तिनं आडनाव म्हणलंच न्हवतं. आता म्हणली. “कांबळे.”

बाईंनी आदळआपट केली न्हाय. हसल्यासुद्धा. इचारलं, “बेसिन कुठं आहे हो?” मोरीवर जाऊन त्यांनी साबणानं हात धुतलं, मग चूळ भरली, मग पुन्हा हात धुतलं. म्हातारा घड्याळ बघत बसला. “कळवतो आम्ही,” म्हणून गाडी गेली.

तीन दिवस संघप्रियानं मेल उघडला की मी माझ्या डंकावर श्वास धरून असायचो. शपथेवर सांगतो. चौथ्या दिवशी ती कागदावर उतरून घेऊन आली आन् वाचून दाखवलं. ऑर्डर कायम हाय. चव फार आवडली. फक्त पाकिटावर नाव त्या घरच्या बाईंचं, म्हंजे आमच्या गौराबाईचं, घाला, फोटूबी त्यांचाच. आक्काताई नको. ‘आम्हाला स्वतःला काही वाटत नाही, पण मंडळात सगळ्या प्रकारची माणसं असतात.’

मी उडीच मारली. “घे की! चारशे हायत! नाव काय चाटायचंय व्हय? चटणी तर तुमचीच जाती ना?” संघप्रियाच्या मनात मुरगूड उभं हुतं, मला दिसत हुतं. तिनं आईकडं बघितलं.

आक्काताई उखळातली चटणी भरत हुती. हात थांबवून म्हणली, “आण्णा, एक इचारू? तुमच्या डंकावर माझ्यामागं जी बाई नंबरात असती, ती पाटी पुढं सरकवताना तुमास्नी हळूच इचारती, आमच्या आधी कुणाची कांडली? तुम्ही सांगतासा, पाटलाची. पंचवीस वर्षं सांगतासा. तुमास्नी वाटतं, डंकाच्या धडधडीत मला काय ऐकू येत न्हाय.”

हे मी कधी कुणाला सांगितलं न्हवतं, गौराबाईलासुद्धा न्हाय. समोर आक्काताई दिसत असतानाच बाया इचारायच्या, त्यास्नी फक्त माझ्या तोंडचं ‘पाटलाची’ पायजे असायचं. मला वाटायचं मी तिच्यावर उपकार करतोय. खरं सांगितलं असतं तर बाया दुसऱ्या डंकावर गेल्या असत्या आन् मला आक्काताईला उद्यापासनं येऊ नको म्हणावं लागलं असतं, म्हणून मी खोटं बोलून तिला नंबर देत हुतो. असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत हुतो.

“तुम्ही वाईट न्हाईसा,” आक्काताई म्हणली. “भित्रं हाईसा. मीबी हाय. पण आपल्या दोघांचं भ्याणं ह्या पोरीला लागलं, त्ये काय बरं झालं न्हाय.”

संघप्रियानं तो कागद चार घड्या करून ठेवला आन् घरी जाऊन उत्तर लिहिलं. नाव आईचंच जाईल, न्हाय तर पाकिटं जाणार न्हाईत. मग साईटवर नाव घातलं, आक्काताई यल्लाप्पा कांबळे, आन् फोटू घातला. घरातच काढलेला, मागची भिंत हाय तशी. वर आजपतूर चटणी नेल्याल्या सगळ्यास्नी एक पत्र धाडलं, आम्ही कोण हाय ते सांगून. चारशेवाल्याचं उत्तर आलं न्हाय. दोन दिवस कुणाचाच मेल आला न्हाय. तिसऱ्या दिवशी तीन आलं, तिन्ही ऑर्डर रद्द करायचं. आकडा पाचशे एकसष्टावर अडला. संघप्रिया रडली न्हाय. तिनं रोजची दहा पत्रं लिहायची सोडली न्हाईत. पण हात पुसायचं वाढलं.

मग एकेक यायला लागली. नागपूरची आली, औरंगाबादची आली, दुबईच्या एका नर्सबाईनं वीस पाकिटं मागितली. काही जुन्या गिऱ्हाइकांनी काय न बोलता पुन्हा मागितली. मिरगादिवशी मोजली तर सातशे चौदा. हजार न्हवती. मामा दारात हजर, मुरगूडला काय कळवू म्हणून. संघप्रिया उठली, शब्द दिलाय म्हणली, हरले. आक्काताईनं तिला हाताला धरून खाली बसवलं.

“पाचशे एकसष्ट सोड,” ती म्हणली. “ती बिननावाची गेली, ती आपली न्हवती. नाव लावल्यावर किती गेली?”

“एकशे त्रेपन्न.”

“मग ह्या धंद्याला सुरू होऊन महिनाबी झाला न्हाय. दादा, मुरगूडला सांग, पोरगी आत्ता कुठं कामाला लागलीया.”

मामा चहा न घेताच गेला. मुरगूडच्यांनी दुसरीकडं जमवलं. संघप्रिया अजून मेल उघडायच्या आधी ओढणीला हात पुसती, पण उघडती.

आता माझं सांगायचं राहिलं. टाळत हुतो, पण सांगतो. आक्काताईनं मला ते सुनावलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. तिचा घाणा कांडून झालता, ती डब्यात चटणी भरत हुती. मागं झुंबरबाई बसलेली, मोठ्या घरची, दर साली सहा पाट्या आणणारी, आन् तिच्या मागं आणखी चौघी. झुंबरबाईनं पाटी सरकवली आन् दर सालागत हळूच इचारलं, “आधी कुणाची झाली, रुद्राप्पा?”

मोटार बंद हुती. मला पळून जावंसं वाटलं. साठी ओलांडलेला माणूस मी, गावात माझ्या तोंडाला कोण लागत न्हाय, तरीबी.

“कांबळ्याची,” मी म्हणलं. “आक्काताईची.”

झुंबरबाई माझ्याकडं बघत बसली. मग तिनं पाटी उचलली. चौघींनीबी उचलल्या. माझ्या अंगणात मिरचीचा वास सोडून काय उरलं न्हाय. मी उखळाच्या काठावर बसलो, हात मांडीखाली धरून, कारण ते थरथरत हुतं आन् आक्काताईला दिसू नये असं मला वाटत हुतं.

तिला दिसलं. डब्याचं झाकण लावत म्हणली, “भ्या वाटतंय, आण्णा?”

“व्हय,” मी म्हणलं.

“आमास्नी रोजच वाटतंय,” म्हणली, आन् डबा डोक्यावर घेऊन घरला गेली.